नावालाच माइल्ड

इंग्लंडच्या मधल्या भागात 'ब्लॅक कंट्री' नावाचा पट्टा आहे. कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांनी काळवंडलेला, म्हणून हे नाव. मामेभाऊ तिकडेच राहतो. "इथल्या कामगारांची काळी बिअर पाजतो तुला," म्हणत त्याने मला वुल्व्हरहॅम्प्टनहून बसने सेजलीला नेलं.

बीकन हॉटेल म्हणजे प्रत्यक्षात पब. चार खोल्यांच्या मधोमध चहूबाजूंनी बंद असा लाकडी बार आणि त्याला एसटी स्टँडवरच्या तिकीट खिडकीएवढ्या खिडक्या. वाकून, मान आत घालून ऑर्डर द्यायची! मागच्या अंगणात मनोऱ्यासारखी ब्रुअरी, म्हणजे बिअर गाळायची जागा. धान्य वर चढवायचं, पुढे एकेका मजल्यावरून बिअर आपल्या वजनानेच खाली उतरत येते. सारा ह्यूजेस या बाईंनी १९२१ मध्ये ही जागा घेतली. पन्नासच्या दशकात ब्रुअरी बंद पडली आणि १९८७ मध्ये नातवाने आजीच्याच कृतीने ती पुन्हा सुरू केली.

बिअरचं नाव 'डार्क रूबी माइल्ड'. ग्लास उजेडात धरला तर कोकमाच्या आगळासारखा लाल. चव काकवी आणि काळ्या मनुकांची. माइल्ड म्हणजे सौम्य, असं धरून मी पाण्यासारखी प्यायलो. दुसरा ग्लास संपवून उठलो, तर खिडकी मघापेक्षा लांब गेलेली. भाऊ गालात हसत म्हणाला, "अरे, सहा टक्के अल्कोहोल आहे तिच्यात."

मग त्याने खुलासा केला. माइल्डचा कडकपणाशी मुळात संबंधच नव्हता. पिंपात महिनोन् महिने मुरून आंबुसलेली ती 'ओल्ड', आणि ताजी, न मुरवलेली ती 'माइल्ड'. एकोणिसाव्या शतकातली माइल्ड चांगली कडक असायची. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई, कर आणि सरकारी निर्बंध यांनी ती पातळ केली. युद्ध संपलं, तरी ती पूर्वीसारखी झाली नाही. भट्टीपुढे दिवसभर घाम गाळून आलेल्याला तहान भागवणारी, खिशाला परवडणारी बिअर म्हणून तीच अंगवळणी पडली. पुढे लागर, म्हणजे फिकट सोनेरी, थंडगार बिअर आली आणि माइल्ड म्हाताऱ्यांची ठरली.

दुसऱ्या दिवशी ब्रायर्ली हिलच्या 'व्हाइन' पबमध्ये गेलो. दर्शनी भिंतीवर चांगली बिअर गाळणाऱ्याला दुवा देणारी शेक्सपिअरची ओळ रंगवलेली. ही १८७७ पासूनच्या बॅथम ब्रुअरीची जागा. इथली माइल्ड साडेतीन टक्के. रंग तोच, पण अंगाने हलकी आणि शेवटी किंचित कडवट. खरं सांगतो, मला हीच जास्त आवडली. आजीच्या बिअरचं कौतुक आहेच, पण ती दिवाळीच्या फराळासारखी, कधीतरीची. ही रोजच्या वरणभातासारखी. सोबत चीज आणि कच्चा कांदा भरलेला 'कॉब', म्हणजे आपल्या पावाचा दणकट भाऊ.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी विचारलं, "कशी वाटली?" मी भावाने शिकवलेला इथला शब्द फेकला, "बॉस्टिन!" म्हणजे लय भारी. आजोबांनी दोनदा माझा उच्चार सुधारला. तिसऱ्यांदा जमला, तेव्हा आमची बस सुटून गेली होती.