यकृताच्या रांगेत अडकलेला स्नायूंचा आजार : माझा अनुभव

माझ्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार आहे, हे रक्ताच्या ज्या तपासणीतून प्रथम लक्षात आले, तिचे नाव सीपीके; स्नायूंच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे एक द्रव्य ती मोजते. शहरातल्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत ती काहीशे रुपयांत होते आणि अहवाल बहुधा दुसऱ्या दिवशी हातात पडतो. त्या तपासणीपर्यंत पोहोचण्याआधी आम्ही कित्येक महिने यकृताच्या विभागासमोरच्या बाकांवर काढले, आणि त्या महिन्यांचा राग अजूनही उतरलेला नाही.

त्याआधीचे सगळे थोडक्यात सांगते. मुलगा दीड वर्ष उलटल्यावर चालू लागला. बालवाडीत तो वारंवार पडत असे, जिना चढताना कठडा सोडत नसे, आणि जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर व मग मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावरून वर चढल्यासारखा उभा राहत असे. पोटऱ्या मात्र भरदार होत्या. सासूबाई त्या आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत. गावातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तळवे सपाट असल्याचे सांगून खास बूट आणि कॅल्शियम दिले. मुलगे थोडे उशिरा सावरतात, असेही ते म्हणाले.

नंतर एका तापात रक्त तपासले, तेव्हा यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी आणि एसजीओटी हे दोन्ही आकडे मर्यादेच्या कितीतरी पट वर गेलेले निघाले. बालरोगतज्ज्ञांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली आणि तिच्यावर यकृताच्या आजाराची शंका नोंदवली. त्या एका ओळीने पुढचे सगळे ठरवून टाकले. केसपेपरच्या खिडकीवर मी सांगून पाहिले, की मुलाला चालायचा त्रास आहे, हाडांच्या किंवा मेंदूविकारांच्या डॉक्टरांनाही दाखवायचे आहे. उत्तर मिळाले, "मॅडम, चिठ्ठीवर जो विभाग आहे, त्याचाच पेपर निघेल. बाकीचं डॉक्टर लिहून देतील तेव्हा." आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, आधी यकृताचे काय ते कळू द्या, मग पाहू.

यकृताचे ते 'काय' कधी कळेचना. कावीळ ब आणि क यांच्या तपासण्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, शरीरात तांबे साठते का हे पाहण्यासाठी रक्त तपासले आणि डोळ्यांच्या विभागातही पाठवून झाले. सगळे ठीक निघाले. तरी दर खेपेला तेच सिरप, तूप-तेल बंद, आणि पुढची तारीख. दर वेळी नवे निवासी डॉक्टर, आणि दर वेळी मी पहिल्यापासून सगळी हकिगत सांगायची; तीही मुलाला कडेवर घेऊन, कारण विभाग दुसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बहुतेक वेळा रुग्णांच्या खाटांसाठी राखून ठेवलेली असे. जिना चढू न शकणारे मूल कडेवरून येते आहे, हे रोज पाहणाऱ्या एकालाही त्याचे कारण विचारावेसे वाटले नाही. कोणी उद्धटपणे बोलले असते तर निदान भांडता तरी आले असते. सगळे सौजन्याने बोलत आणि पुढची तारीख देत.

मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. एसजीपीटी आणि एसजीओटी ही द्रव्ये यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात, आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागल्या की तीही रक्तात उतरतात. यकृताच्याच तपासणीतले जीजीटी हे द्रव्य मात्र स्नायूंमधून येत नाही. आमच्या पहिल्याच अहवालात जीजीटी आणि बिलिरुबिन दोन्ही मर्यादेत होते, त्याच कागदावर, वाढलेल्या आकड्यांच्या खालच्या ओळींत. म्हणून ज्या मुलाचे एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले आहेत आणि जो उठता-बसता अडखळतो, त्याच्या आईवडिलांनी यकृताच्या पुढच्या तपासण्यांआधी सीपीके करण्याविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. विचारायला संकोच वाटू देऊ नये.

शेवटी यकृताचा तुकडा काढून तपासायचे ठरले आणि भुलीसाठी आम्हाला भूलतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्यांनी फाईल बाजूला ठेवली, मुलाला खाली बसवले आणि उठायला सांगितले. तो नेहमीसारखा मांड्यांवर हात टेकत उठला. त्यांनी त्याच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि तुकडा काढणे तिथेच थांबवून आधी सीपीके करायला सांगितला. सीपीके साधारणपणे दोनशेच्या आसपास किंवा त्याखाली असतो. माझ्या मुलाचा पंधरा हजारांच्या वर होता. या आजारात भुलीची काही औषधे जिवावर बेतू शकतात, हे त्यांच्याकडूनच कळले. तेव्हापासून दात काढायचा असला तरी मी आजाराचे नाव आधी सांगते.

पुढचे सारे भराभर झाले. मेंदू व मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी एमएलपीए ही जनुकीय चाचणी करवली आणि डिस्ट्रॉफिन या स्नायूंतल्या प्रथिनाच्या जनुकातला काही भाग गळल्याचे तिच्यात दिसले. ही चाचणी सामान्य आली तरी प्रश्न संपत नाही, लहान बदलांसाठी जनुकाचे पूर्ण वाचन करावे लागते, हेही त्यांनी सांगितले. स्टेरॉईड सुरू झाले. आजार त्याने बरा होत नाही, पण चालणे काही वर्षे अधिक टिकते, आणि मूल खालावू लागण्याच्या आधी ते सुरू करणे चांगले. आमचे गेलेले महिने म्हणूनच डाचतात. हे औषध अचानक बंद करायचे नसते. कांजिण्या, गोवर यांच्या जिवंत लसी राहिल्या असतील तर त्या स्टेरॉईडच्या आधी पूर्ण करून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. रात्री पायाला लावायच्या पट्ट्या आणि टाचांचे ताण देणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून लगेच शिकून घ्यावेत. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्जही लांबवू नये. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे.

एक राहिलेच. मुलाच्या अहवालात नेमका कोणता भाग गळाला आहे ते कळल्यावर आईची तपासणी करता येते. माझी केली, मी वाहक निघाले, म्हणजे सदोष जनुक माझ्यात आहे आणि ते मुलांकडे जाऊ शकते, त्यामुळे आता माझ्याही हृदयाची तपासणी अधूनमधून होते. माझ्या धाकट्या बहिणीला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. गर्भाची तपासणी करायची झाल्यास ती साधारण अकराव्या आठवड्यापासून होते, पण त्याआधी बहीण वाहक आहे का हे कळायला हवे होते, आणि ते माझ्या मुलाच्या अहवालाशिवाय खात्रीने सांगता येत नव्हते. तिचा अहवाल वेळेत आला आणि ती वाहक नाही. यकृताच्या विभागाने आणखी एक-दोन तारखा दिल्या असत्या, तर तिच्या पोटातले मूल जन्मेपर्यंत आम्ही सगळे अंधारातच राहिलो असतो.