कॉपी खालून कापतात

१५ जानेवारी २००९, किंक्रांत. सोलापुरातल्या कुठल्याही वृत्तपत्राच्या रात्रपाळीला त्या दिवशी सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाशिवाय दुसरं काही सुचत नाही. फोटोग्राफर होम मैदानावरून धुराने लाल झालेले डोळे चोळत येतो, पहिल्या पानावर मोठा फोटो लागतो, आधी बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्त्या सुटतात आणि मग शहर आवृत्ती प्लेटला जाते. त्या रात्रीही सगळं वेळेत झालं होतं. दोन वाजून गेल्यावर टीव्हीवर न्यूयॉर्कच्या हडसन नदीत तरंगणारं विमान दिसलं, आणि त्याच्या पंखांवर रांगेत उभी असलेली माणसं.

छपाई थांबवून आम्ही चार ओळी घातल्या. वाहिन्या प्रवाशांचे वेगवेगळे आकडे सांगत होत्या, आम्ही एकही छापला नाही. एजन्सीचा दुजोरा येईपर्यंत आकडा घालायचा नाही, हा आमच्या डेस्कचा शिरस्ता होता आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. झोपेत असलेल्या घरादाराला चुकीचा आकडा वाचायला लावणं हे पाप आहे.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात पोचलो तर फोन वाजायचे थांबेनात. विमानाची बातमी म्हणजे मृतांची यादी, याचीच आपल्याला सवय. इथे १५५ पैकी १५५ वाचले होते, आणि लोकांना ते कुणाशी तरी बोलायचं होतं. सिद्धरामेश्वरांची यात्रा चालू असताना कुणाचं वाईट होणारच नाही, असं एका आजींनी ठासून सांगितलं. गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वैमानिकाचं वय विचारत होते. ५७ म्हटल्यावर म्हणाले, "आपल्याकडं अठ्ठावन्नला घरी बसवतात की हो माणसाला!" एवढं जड विमान बुडलं कसं नाही, हा प्रश्न तर जो तो विचारत होता.

त्या रात्री सविस्तर बातमी माझ्याकडे आली. एअरबस ए-३२०, लाग्वार्डिया विमानतळावरून उड्डाण, साधारण २,८०० फुटांवर पक्ष्यांचा थवा आडवा, दोन्ही इंजिनं बंद. धावपट्टीवर परतणं जमणार नाही हे ओळखून कॅप्टन सुलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं. थवा धडकल्यापासून पाण्याला टेकेपर्यंत जेमतेम साडेतीन मिनिटं. मी हे घासूनपुसून लिहिलं. तरंगण्याचं कोडं चौकटीत घेतलं: पंखांतल्या टाक्यांमधलं इंधन पाण्यापेक्षा हलकं, आतल्या हवेमुळे विमान काही वेळ तग धरतं, पण शेपटीकडून पाणी शिरत राहतं. म्हणजे माणसं बाहेर काढायला मिनिटंच मिळतात. म्हणून शेवटचे दोन परिच्छेद बोटींचे होते. मॅनहॅटन आणि न्यू जर्सीच्या मधे रोज नोकरदारांची ने-आण करणाऱ्या फेरी बोटी आपला मार्ग सोडून विमानाकडे वळल्या. पहिली चार मिनिटांच्या आसपास पोचली. एका बोटीच्या सुकाणूवर तर जेमतेम विशीची मुलगी होती.

साडेअकराला जाहिरात आली. आमचे मुख्य उपसंपादक कामाला वाघ, पण कापताना मजकूर वाचायची त्यांना सवय नव्हती. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, जागा कमी पडली की कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, खालून उडवायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. बोटी खाली होत्या. मी वाद घातला. "लोकांना वैमानिक हवाय," ते म्हणाले, आणि पान सुटलं.

शनिवारी करमाळ्याकडून एक फोन आला. उजनी धरणाच्या फुगवट्यात होडी चालवणारा माणूस होता. बातमी त्याने पूर्ण वाचली होती.

"साहेब, लोक पंखावर उभे होते हे कळलं. तिथनं काठाला कसे आले? पोहत?"

बोटी आल्या, म्हटलं.

"मग ते छापलं न्हाई की. विमान थांबलेलं होतं का वाहत होतं?"

वाहत होतं. विमान प्रवाहाबरोबर खाली सरकत होतं आणि बोटींना त्याच्या अंगाने सरकत राहावं लागत होतं. हे ऐकल्यावर तो थोडा थांबला. वाहत्या वस्तूला होडी लावणं किती अवघड, लाट लागून पंखावरचा माणूस कसा घसरेल, गारठलेल्या हाताला दोर धरवत नाही, माणूस कंबरेला धरूनच वर घ्यावा लागतो, हे सगळं त्याने मला समजावलं. दिवसभरात आलेल्या कौतुकाच्या फोनांमध्ये हा एकच माणूस पाणी ओळखणारा होता. सुलेनबर्गर यांचं कौतुक त्यालाही होतंच, आणि ते रास्तच आहे. थवा धडकताच सहायक ऊर्जा यंत्र, म्हणजे इंजिनं बंद पडली तरी विमानाला वीज देणारं छोटं यंत्र, सुरू करण्याचा त्यांचा निर्णय किती मोलाचा होता, हे पुढे चौकशीतून कळलं. तरी विमान टेकल्यावर निम्मं काम उरलं होतं, हे त्या होडीवाल्याला न सांगता कळलं होतं. केबिन कर्मचारी, सहवैमानिक स्काइल्स, बोटवाले यांनी ते पुरं केलं.

रविवारच्या आतल्या पानावर मी बोटींची स्वतंत्र बातमी लावली. त्यावर एकही फोन आला नाही.

२१ मे २०२४च्या संध्याकाळी उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्या पाण्यावर लोक वर्षानुवर्षं ये-जा करतात आणि लाइफ जॅकेटची सक्ती फक्त अपघातानंतरच्या बैठकांमध्ये होते, याचा मला मनस्वी संताप आहे. त्या रात्रीही मी डेस्कवर होतो. पाण्यातून पोहत काठाला कोण लागलं, शोधाला कोण उतरलं, हे दुसऱ्या परिच्छेदात घेतलं. नेत्यांच्या भेटी आणि प्रतिक्रिया शेवटी ठेवल्या. जागा कमी पडली तेव्हा त्या गेल्या.