आमची वाटचाल : मॅच संपेपर्यंत गाडी थांबते

२०१८ ला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे एकच सेकंडहँड इको व्हॅन होती आणि कामं सगळी दवाखान्याची, कुणाला डायलिसिसला सोड, कुणाला फिजिओला ने. माझा मोठा भाऊ व्हीलचेअरवर आहे, त्याला रिक्षात उचलून बसवताना होणारे हाल घरात रोज बघत होतो त्यातूनच व्हीलचेअरवरच्या लोकांना चेअरसकट गाडीतून ने-आण करायचा हा धंदा सुचला.

पहिला घाम काढला रॅम्पने. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट रॅम्प लागतो, म्हणजे दीड फूट उंच गाडीला अठरा फूट, तो पुण्याच्या रस्त्यावर टाकणार कुठे? मग मागचा फ्लोअर खाली घेतला, तरी चढ राहतोच म्हणून ड्रायव्हरसोबत एक मदतनीस कायम असतो. चेअर चार पट्ट्यांनी फ्लोअरला बांधतो, माणसाचा बेल्ट वेगळा, नुसत्या चेअरच्या ब्रेकवर गाडी हलवायची नाही म्हणजे नाही.

२०२३ ला क्रिकेट वर्ल्ड कपच्या पाच मॅच पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमला आल्या आणि फोन सुरू झाले. स्टेडियम एक्सप्रेसवेला लागून, गाडी पोचते हो, पण खरं काम पार्किंगपासून पुढे, मातीत चेअरची पुढची छोटी चाकं रुततात, आणि गर्दीत बसलेल्या माणसाला समोर फक्त पाठी दिसतात. आम्ही आदल्या दिवशी भावाला घेऊन गेटपर्यंतचा रस्ता बघून आलो. तेव्हा तोच म्हणाला, अरे टॉयलेटचं काय, आमच्यातले कितीतरी लोक बाहेर जायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

१९ ऑक्टोबर, भारत-बांगलादेश. एक काका होते, साठीचे, पोलिओ झालेले, आयुष्यात पहिल्यांदा स्टेडियमवर. मीच म्हणालो, काका गर्दी व्हायच्या आत निघू, आणि ते काही न बोलता निघाले. गाडीत पट्टे आवळत होतो तेव्हा स्टेडियममधून आवाज उठला, कोहलीने सिक्स मारून सेंच्युरी आणि मॅच दोन्ही एकदमच पूर्ण केलं होतं. काका एवढंच म्हणाले, "झाली का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. तिकीट त्यांनी पूर्ण मॅचचं काढलं होतं, आणि माझी सोय बघून मी त्यांना उठवलं.

तेव्हापासून आमचा नियम आहे, शेवटचा बॉल पडेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. स्टँड रिकामा होऊ द्यायचा, वेटिंगचा एक रुपया घ्यायचा नाही, बुकिंगलाच चेअरची रुंदी विचारायची आणि टॉयलेटचं दार त्या मापाने आधी मोजून ठेवायचं.

११ नोव्हेंबरला काकांना परत नेलं, ऑस्ट्रेलिया-बांगलादेश, दिवसाची मॅच होती. मार्शचे नाबाद १७७ त्यांनी पहिल्या रनपासून शेवटपर्यंत बघितले आणि मधे तीनदा मला म्हणाले, पाणी आण रे.