तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाकडे पुण्याला का राहत नाही?

हा प्रश्न मला भाजीवालीपासून बँकेतल्या पोरीपर्यंत सगळे विचारतात. ‘मुलगा एवढा बोलावतोय, मग एकट्या साताऱ्यात कशाला?’ मग आवाज खाली करून पुढचा: ‘सुनेशी पटत नाही का?’ पटतं. माझं खरं कारण जरा लाजिरवाणं आहे, म्हणून आजवर गुडघ्यांवर आणि पुण्याच्या पाण्यावर ढकलत आले.

मी प्रांत कचेरीत कारकून होते. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला आणि आईवडिलांचे निर्वाह भत्त्याचे अर्ज प्रांतसाहेबांपुढे यायला लागले. महिना दहा हजारांपर्यंत भत्ता लावता येतो. बहुतेक अर्ज खरोखर पोटासाठीच असत, त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण एक आजोबा स्वतःच पासबुक घेऊन आले होते. मुलगा दर महिन्याला चार हजार टाकत होता, एकही महिना चुकलेला नव्हता. साहेब म्हणाले, ‘बाबा, मग तक्रार कसली?’ आजोबा म्हणाले, ‘टाकतो हो. पण मोटारसायकलवरून दारावरून जातो, थांबत नाही.’ याला कुठलं कलम लावणार?

दुसरी गोष्ट माझ्या फार नंतर लक्षात आली. कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच जबाबदारी आहे. अर्जात मात्र लेकीचं नाव क्वचितच असायचं. मी विचारायची, ‘आजी, मुलीचं नाव घालू का?’ ‘नको गं बाई, ती करते की.’ काय करते? दिवाळीला लुगडं, आजारपणात चार दिवस मुक्काम. आणि ज्याच्यावर अर्ज, तो कधी कधी वर्षभर किराणा भरत असायचा. पण मुलाचं ते कर्तव्य आणि लेकीची ती माया! मुलापुढे आपण पुंडलिक उभा करतो. तोही कुक्कुटस्वामींच्या आश्रमात जाईपर्यंत आईबापांना पायी चालवून स्वतः घोड्यावर बसत होता, हे कुणाला आठवत नाही. लेकीपुढे कुणालाच उभं करत नाही, त्यामुळे ती जे करेल ते जास्तच भरतं.

या म्हाताऱ्यांना मी मनात हसत असे. मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. खर्च मुलानं केला, रजा काढून आला. लेक कराडहून मऊ भाताचा डबा घेऊन आली, डोळ्यांत थेंब घातले. पुढे वर्षभर मी ज्याला त्याला त्या थेंबांचंच कौतुक सांगत होते. एकदा जेवताना मुलगा म्हणाला, रागानं नाही, सहज: ‘आई, पहिले दोन दिवस थेंब मीच घातले होते.’

मला आठवतच नव्हतं. म्हणजे डोळ्याला पट्टी होती हे खरं, पण हात ओळखू येऊ नये?

तेव्हापासून ठरवलं. त्याच्या घरात राहिले तर तो करेल ते सगळं माझ्या हिशेबात येणं म्हणून जमा होईल, आणि राहिलं असेल तेवढंच मला दिसेल. इथे तो शनिवारी एसटीनं येतो, पिशवी ठेवतो, गीझर बघतो, बिलं भरतो, आणि मला ते दिसतं. पेन्शन आहे म्हणून हे सुचतं, हेही कबूल करते. हातात दमडी नसती तर असले विचार सुचले नसते. कचेरीत ज्यांचे अर्ज लिहून घेतले, त्यांच्याकडे निवडायला काय होतं?

(ओघात आलंय म्हणून सांगते, घर मुलांच्या नावावर करणारे हल्ली सल्ला विचारतात. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे त्यात लिहून घ्या. याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली दस्त रद्द करून घ्यायची वेळ आली तर ती ओळ उपयोगी पडते. ‘आमचा तसा नाही’ म्हणून ती ओळ गाळलेले किती तरी पाहिले.)

पुण्याला मीही जाते. बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी झाली की फुकट. चार दिवस राहते आणि परत येते.

आणि कारकुनाची सवय, मी आता वही ठेवलीय. ‘शनि. गीझर. वीजबिल. दीड तास बसला, भावकीच्या जमिनीचं विचारलं.’ कराडची पानंही त्याच वहीत. मुलाला वही माहीत नाही. सुनेला गेल्या महिन्यात सापडली. वाचून हसली. म्हणाली, ‘आई, 2007 च्या कायद्यात सून नाही का?’ म्हटलं, मुलांच्या व्याख्येत नाही. तिनं पेन उचललं आणि मागच्या तीन शनिवारांपुढे पिशवीत काय काय होतं ते लिहिलं: मेतकूट, बीपीच्या गोळ्या, उसवलेला ब्लाऊज शिवून.

तो ब्लाऊज मी लेकीनं शिवला असं शेजारी सांगून बसले होते.