टाकी रिकामी असली की चालते, भरली की उठतच नाही

आर्णी रोडला आमचं पंक्चरचं दुकान आहे, 2 एचपीचा सिंगल फेज कॉम्प्रेसर. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगला लागतात आणि नेमकी तेव्हाच आमची मोटर हुं हुं करत बसायला लागली, पट्टा हातानं ओढून दिला तर एखाद्या वेळी उठायची (हे करू नका, बोटं जातात). मेकॅनिक म्हणे वाइंडिंग गेली. भरली वाइंडिंग. कंडेन्सरही (मोटरला उठताना जोर देणारा डबा) नवा टाकला, आठ दिवसांत तोही फुगला.

मग एक दिवस लक्षात आलं, टाकी पूर्ण रिकामी असली की बटन दाबल्याबरोबर चालू होते, पण 120 पौंडाला बंद होऊन परत 80 वर चालू व्हायची वेळ आली की हुं हुं. म्हणजे मोटर नाही, भार अडकत होता! बंद होताना प्रेशर स्विचमधून (दाब पाहून मोटर बंद-चालू करणारा डबा) फुस्स आवाज यायला पाहिजे, हेडमधली, म्हणजे पिस्टनवरची दाबलेली हवा तिथून सुटते. ती सुटली नाही तर मोटरला तिच्याविरुद्धच उठावं लागतं. आमचा तो आवाज कधी बंद झाला कोणालाच आठवत नाही. मेन बंद केलं, टाकी खाली केली, स्विचकडे जाणारी ती बारीक नळी खोलली तर आत तेल आणि धुळीचं काळं मेण. सायकलच्या स्पोकनं काढलं. (फुस्स थांबतच नसेल तर टाकीजवळचा एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळतो, ते वेगळं दुखणं.)

तरी संध्याकाळी त्रास राहिलाच. हरभऱ्या-गव्हाच्या मोटरी लागल्या की आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) होल्टेज पडतं. होल्टमीटर लावून पाहिलं, घरच्या लाईटच्या मीटरजवळ 205 आणि मोटर उठताना दुकानात 165. तिथून दुकानापर्यंत तीस मीटर अडीच एमएमची अ‍ॅल्युमिनियम वायर टाकून ठेवली होती आम्हीच, स्वस्तात. उठताना मोटर चालत्या करंटच्या पाच-सहा पट ओढते, आणि होल्टेज 230 चं 165 झालं की जोर निम्माच राहतो, कारण तो होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. तांब्याची 6 एमएमची वायर टाकली, आता तोच फटका 10 होल्टच्या आत.

लाईनमन पाहून म्हणे, "काहून बावा, वाइंडिंगचे पैसे आधी वायरीत घातले असते तं?" घातले असते तं, हो.

आता भिंतीवर होल्टमीटर आहे. काटा 180 च्या खाली असला की बटनाला हात लावत नाही, गिऱ्हाइकाला चहा सांगतो.