एका पानाचा नेम आणि स्वतःची रेषा

पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केलेली ए-५ आकाराची रेखाटनवही नवरात्रात भरली. रोज एक पान काढायचे, प्रत्यक्ष पाहिलेलीच गोष्ट काढायची आणि पेन्सिलीची पूर्वतयारी न करता थेट शाईने काढायचे, असा नेम मी या वहीपुरता ठरवला होता आणि तो पाळला गेला. नेम कसा टिकला हे थोडक्यात सांगून, त्यातून माझ्या रेषेविषयी जे उमगले ते अधिक विस्ताराने नोंदवणार आहे. रोज चित्र काढणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना सवय अंगवळणी पडल्यानंतर एकच प्रश्न गाठतो: हातून उतरणारी रेषा आपल्या मनातल्या रेषेपेक्षा वेगळी असेल, तर ती बदलण्यासाठी झटायचे की ती आपली म्हणून स्वीकारायची?

नेम टिकण्यासाठी सर्वांत उपयोगी पडली ती विषय आदल्या रात्री ठरवण्याची पद्धत. सकाळी वही उघडल्यावर काय काढावे याचा विचार सुरू झाला की हाती असलेला वेळ त्यातच जातो. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी पानाच्या कोपऱ्यात दुसऱ्या दिवसाचा विषय लिहून ठेवते. खलबत्ता, गॅलरीतील तुळशीची कुंडी, बसथांब्यावरील माणसे असे साधे विषय त्यासाठी पुरतात.

बाहेर बसून काढणे ज्या दिवशी शक्य नव्हते, त्या दिवसांसाठी शाळेतील एका जुन्या विषयाकडे वळले. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला त्यांतील एलिमेंटरी परीक्षेचे वस्तुचित्र आणि स्मरणचित्र आठवत असेल. घागर काढताना आधी मध्यरेषा आखावी, दोन्ही बाजू तिच्याशी ताडून पाहाव्यात, आणि भांड्याचे तोंड डोळ्यांच्या पातळीपासून जितके खाली असेल तितके त्याचे लंबवर्तुळ अधिक उघडे दिसते हे विसरू नये, ही वस्तुचित्राची शिकवण तर रोज उपयोगी पडते. स्मरणचित्राचे महत्त्व मात्र मला या वहीत नव्याने कळले. बसमधून जाताना एखादी व्यक्ती निवडायची, तिच्या खांद्यांचा उतार, पिशवी धरलेल्या हाताचा कोन आणि शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, एवढ्या तीनच गोष्टी मनात धरायच्या आणि रात्री त्या कागदावर उतरवायच्या. सुरुवातीला चेहरा आणि कपडे लक्षात ठेवण्याकडे ओढ असते. परंतु चेहरा नसतानाही उभे राहण्याच्या ढबीवरून माणूस ओळखू येतो, असा माझा अनुभव आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी हा सराव आवर्जून सुचवेन.

वहीतील सर्वाधिक पाने पुण्याच्या महात्मा फुले मंडईत काढलेली आहेत. १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने खुली झालेली ही दगडी, अष्टकोनी वास्तू चित्र काढणाऱ्यासाठी फार मोठी शाळा आहे. तिच्या मधल्या अष्टकोनी भागाच्या एका बाजूसमोर उभे राहिले की समोरची बाजू पूर्ण रुंदीची दिसते आणि तिच्या दोन्हीकडील बाजू तिरप्या असल्यामुळे बऱ्याच अरुंद दिसतात. अष्टकोनाच्या सर्व बाजू समान असतात हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे हात त्या समानच काढू पाहतो. डोळ्यांना प्रत्यक्ष जे दिसते त्यावर विश्वास ठेवायला शिकण्याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही. पेन हात ताठ ठेवून समोर धरावे, एक डोळा मिटून समोरच्या बाजूची रुंदी त्यावर अंगठ्याने मोजावी आणि तिरपी बाजू त्या रुंदीच्या किती हिश्शात बसते ते पाहावे, एवढे मोजमाप पुरेसे असते. त्यानंतर छताच्या उतरत्या रेषा आपोआप जागेवर येतात.

मंडईतील माणसे काढण्याची रीत याहून वेगळी आहे. भाजी विकणारी बाई क्षणभरही एका स्थितीत राहत नाही, तरीही तिच्या हालचाली ठरावीक असतात: वाकून वजन करणे, मागे टेकणे, पाणी शिंपडणे आणि पुन्हा वाकणे. त्यामुळे एकाच पानावर तिच्या तीन-चार आकृत्या एकदम सुरू करते आणि ती ज्या स्थितीत परत येईल त्या आकृतीत भर घालत जाते. अशा पानावरील काही आकृत्या अर्ध्याच राहतात. त्या पूर्ण करण्याचा आग्रह मी धरत नाही, कारण अर्धवट आकृतीतही पाठीचा बाक खरा असतो आणि घरी येऊन कल्पनेने जोडलेले हातपाय त्या खरेपणाला बाधा आणतात.

आता रेषेविषयी. मला अनेक वर्षे पातळ, वाहता जलरंग आणि त्याखाली जेमतेम जाणवणारी रेषा असलेली चित्रे काढायची इच्छा होती. माझ्या वह्यांतील रेषा मात्र तुटक आहे; ती थांबते, थोड्या अंतरावर पुन्हा सुरू होते, आणि महत्त्वाच्या कडेवरून दोनदा किंवा तीनदा जाते. जुन्या वह्या या वहीशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा पेन्सिल, जेल पेन, फाउंटन पेन यांपैकी कोणतेही साधन असले तरी ही तुटक, दुहेरी रेषा सर्वत्र सारखीच आढळली. साधन, कागद आणि विषय बदलूनही जे बदलत नाही ते हाताच्या आणि नजरेच्या सवयीतून येते. मी कडेवरून नजर थोडी पुढे नेते, थांबते, पडताळते आणि मग पुढे जाते. रेषेतील तुटकपणा म्हणजे त्या थांबण्याच्या जागा आहेत.

परंतु हातून येणारे सर्व काही शैली म्हणून स्वीकारणे मला योग्य वाटत नाही. दोष आणि शैली यांत फरक करण्यासाठी मी या वहीत एक कसोटी वापरली. एखादी गोष्ट खटकली की ती मोजून दुरुस्त करते आणि तेच चित्र शेजारच्या पानावर पुन्हा काढते. दुरुस्तीनंतर चित्र अधिक खरे वाटले, तर आधीची गोष्ट दोष होती. उदाहरणार्थ, इमारतींच्या उभ्या रेषा उजवीकडे झुकत होत्या; वही मांडीवर तिरपी न ठेवता पाठीमागे पुठ्ठा लावून नजरेला समोरासमोर धरली तेव्हा त्या सरळ आल्या आणि चित्राला स्थैर्य मिळाले, म्हणून ती सुधारणा कायम केली. याउलट पुण्यातीलच विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातील, सुरूच्या झाडासारख्या आकाराचे लाकडी खांब आणि त्यांवरील केळफुलांचे कोरीव काम मी एकदा माझ्या नेहमीच्या तुटक रेषेने आणि एकदा सावकाश, अखंड रेषेने काढले. प्रमाणे दोन्हीकडे सारखीच होती. अखंड रेषेच्या पानावर सर्व कडा सारख्याच ठळक झाल्यामुळे कोरीव कामाची खोली नाहीशी झाली. तुटक रेषेच्या पानावर मात्र सावलीकडील कड दुहेरी आणि उजेडाकडील कड मधेच सुटलेली असल्यामुळे १८०७ मध्ये बांधून झालेल्या त्या वाड्याचे लाकूड उन्हात कसे दिसते ते नेमके उतरले होते. तेव्हापासून मी त्या रेषेला सुधारण्याचा प्रयत्न थांबवला आहे, आणि तिच्याकडून अधिक काम कसे करून घेता येईल याचा अभ्यास सुरू केला आहे.

या बाबतीत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे उदाहरण मला फार धीर देणारे वाटते. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण न घेतलेला, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकलेला, गोव्यातील सासष्टीच्या लोटली गावचा हा माणूस तरुणपणी सचित्र दैनंदिनी लिहीत असे. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या दैनंदिन्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. गावातील ओळखीची माणसे, समारंभ, भेटीगाठी असे रोजचेच विषय त्यांत आहेत. १९५९ मध्ये शिष्यवृत्तीवर ते लिस्बनला गेले आणि पुढे काही वर्षे लंडनमध्ये राहिले. त्यांची दाट, नक्षीदार, माणसांनी गजबजलेली रेखाटने आज आपण पाहतो, तेव्हा त्यांच्यामागे ही रोज पाहण्याची आणि रोज नोंदण्याची सवय आहे, हे मला नेहमी जाणवते. तसेच, २००७ मध्ये सिअ‍ॅटलमधील पत्रकार गॅब्रिएल कँपनारिओ यांनी सुरू केलेल्या अर्बन स्केचर्स या चळवळीच्या जाहीरनाम्यात प्रत्यक्ष स्थळी पाहून काढण्याच्या आग्रहाबरोबरच कोणतेही साधन वापरण्याची मुभा आणि प्रत्येकाच्या स्वतंत्र शैलीविषयीचा जिव्हाळा यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्यक्षाशी प्रामाणिक राहणे आणि स्वतःच्या हाताशी प्रामाणिक राहणे या दोन गोष्टी एकाच जाहीरनाम्यात नांदू शकतात, याचे मला विशेष मोल वाटते.

साधनांविषयी थोडे. वर जलरंगाचा हात फिरवायचा असल्यामुळे पाण्याने न विरघळणारी, पिगमेंट (न विरघळणारे रंगकण) असलेली काळी शाई फाउंटन पेनमध्ये वापरली. ही शाई पेनमध्ये वाळली तर निबामागील मार्ग बुजतो, परंतु रोज पेन चालवल्यामुळे ती अडचण आली नाही. अधूनमधून साध्या पाण्याने पेन धुणे तेवढे आवश्यक आहे. कागद १५० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) होता. पावसाळ्यातील दमट हवेत तो ओलावा धरतो, रंग सावकाश वाळतो आणि घाईने दुसरा हात दिल्यास खालचा रंग उचलला जातो, म्हणून श्रावणात मी रंग एकाच हातात संपवला आणि सावली रेषांनी भरली. पुढच्या पावसाळ्यात रंगाची पाने स्वतंत्र ठेवून त्यांसाठी ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद वापरेन.

नवी वही आडव्या आकाराची घेतली आहे, कारण हिवाळ्यात वाईला कृष्णेचे घाट काढायला जाण्याचा विचार आहे. तेथील ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत, पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून, माशाच्या आकाराची बांधलेली आहे. कोरीव लाकडावर जी तुटक रेषा शोभली ती या लांब, सलग, दगडी वळणावर कितपत चालते, हे मला तेथे बसून पाहायचे आहे. त्यासाठी पहिली काही पाने केवळ त्या भिंतीला दिली आहेत.