दोन पाळ्यांचं केळफूल

केळफूल सोलायला दुपारच बरी. तळहातांना आधी तेल चोळायचं, नाहीतर चिकाने बोटं दोन दिवस काळी. जांभळं पान उचललं की खाली फुलांची दुहेरी ओळ. प्रत्येक फुलातली ताठ काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, उरलेलं ताकाच्या पाण्यात. काडी राहिली तर कितीही शिजवा, दाताखाली येतेच. या खटाटोपात एखाद्या फुलाच्या बुडाशी चिकट, गोड थेंब सापडतो. तो नेमका कोणासाठी?

जळगावच्या रावेर-यावलकडे केळी निसवली, म्हणजे केळफूल बाहेर आलं, की दिवसा तिथे शिंजीर, फुलांतला मध पिणारं चिमुकलं पाखरू. वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम. वाकडी चोच आत, जीभ नळीसारखी, काम झालं की चिवचिवत पसार. विणीच्या दिवसांत नर जांभळा-काळा झळकतो. एरवी तो मादीसारखाच पिवळट, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ. बघणाऱ्याला वाटतं हा निराळाच पक्षी. भांडखोर इतका की मोटरसायकलच्या आरशातल्या स्वतःलाच टोचत बसतो. म्हणून आरशांवर पिशव्या चढतात.

अंधार पडला की त्याच फुलावर आखूड नाकाचं फळवटवाघूळ. चाळीस-पन्नास ग्रॅमचं, म्हणजे शिंजिराच्या सहापट. पायांनी आणि अंगठ्याच्या नखांनी फूल धरायचं नि सरळ तोंड खुपसायचं. आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढणारी ती किडे खाणारी लहान वाघळं. याची भिस्त डोळ्यांवर आणि नाकावर. त्या लहानांना पाकोळी म्हणतात, आणि एका पक्ष्यालाही पाकोळीच. मराठीने इथे भेद करायचा कंटाळा केलेला दिसतो.

घर बांधण्यात मात्र दोघांचं उलटं. शिंजिराची मादी एकटीच कोळ्याच्या जाळ्यांनी लोंबती पिशवी विणते, दारावर छोटी पडवी काढते, बहुधा दोन अंडी घालून एकटीच उबवते. वाघळात बांधकाम नराकडे. उलट्या अशोकाच्या किंवा ताडवर्गी झाडाच्या डहाळ्या, शिरा चावून तो पानांचा तंबू पाडतो. मग माद्या राहायला येतात.

रानकेळींत लोंबतं, मळकट रंगाचं, संध्याकाळी उघडणारं फूल वाघळाचं. ताठ उभं, गुलाबी फूल पाखराचं. आपल्या बागेतली ग्रँड नैन जातीची केळी लोंबत्या फुलाची. म्हणजे शिंजीर दिवसा येतो तो रात्रीच्या पंगतीतलं उरलंसुरलं खायला. त्यातून बागेतल्या केळीला दोघांचीही गरज नाही, तिचं फळ परागाशिवायच धरतं. आठ-नऊ फण्या झाल्या की खालचं कमळ, म्हणजे हेच केळफूल, मोडून टाकतात, घड भरावा म्हणून.

तरी बोल वाघळालाच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळवटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून होती. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीत गेली. व्यापाराचा घड हिरवाच उतरतो आणि वाघळाला हवं पिकलेलं, वासाचं. त्याला मिळतो तो झाडावर विसरलेला एखादा घड. तोही जागेवर खात नाही, तुकडा दुसऱ्या झाडावर नेऊन रस चोखतं. सकाळी निंबाखाली चोथा सापडतो आणि शिव्या सुरू होतात. शिंजीर लांब नळीच्या फुलांना बुडाशी भोक पाडून, परागाला न शिवता मध पळवतो. त्याला कोणी चोर म्हणत नाही.

असो. थेंब पाखराचा की वाघळाचा, हे ठरेपर्यंत तो ताकात गेलेला असतो. आता फोडणीत लसूण जरा जास्तच घाला.